तलावात फॉस्फरस किती येतो, कुठून येतो: खानदेशातल्या पाणलोटाचा हिशेब कसा मांडावा

उन्हाळ्याच्या तोंडावर गावतलाव हिरवागार पडतो, जलपर्णी काठ धरते आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, "खतांमुळे झालं." असेलही. पण किती खत आलं, त्यातलं किती पिकानं उचललं, किती जमिनीत राहिलं आणि नाल्यातून खरोखर तलावात किती पोचलं, हे चार आकडे हाती नसतील तर त्या वाक्याला अर्थ नाही. हे आकडे एका पावसाळ्यात, बेताच्या खर्चात काढता येतात. कृषी पदवीचे विद्यार्थी, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते आणि पाणीपुरवठा समितीतली हिशेबी माणसं यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी एकक पक्कं करा

खताच्या गोणीवर छापलेलं स्फुरद हे फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या रूपात असतं. प्रयोगशाळा पाण्यातला आकडा कधी फॉस्फेट म्हणून देते, कधी फॉस्फरस म्हणून. एक स्तंभ एका रूपात आणि दुसरा दुसऱ्या रूपात लिहिला की सगळा हिशेब दुपटी-तिपटीनं चुकतो. नवख्यांच्या वह्यांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच. म्हणून सुरुवातीपासून सगळं शुद्ध फॉस्फरसमध्ये लिहा:

स्फुरद × ०.४३६ = फॉस्फरस
फॉस्फेट × ०.३२६ = फॉस्फरस

५० किलोच्या डीएपीच्या गोणीत (१८:४६:०, म्हणजे शेकडा नत्र, स्फुरद, पालाश) २३ किलो स्फुरद, म्हणजे १० किलो फॉस्फरस. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत ३.५ किलो, १०:२६:२६ मध्ये ५.७, १२:३२:१६ मध्ये ७ आणि २०:२०:०:१३ मध्ये ४.४ किलो. ठिबकमधून सोडायच्या खतांची गोणी २५ किलोची असते: १२:६१:० मध्ये ६.७ किलो, ०:५२:३४ मध्ये ५.७ आणि १९:१९:१९ मध्ये जेमतेम २ किलो. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाणलोटाची हद्द

हिशेब गावाचा नसतो, तालुक्याचाही नसतो. ज्या उतारावरचं पाणी त्या तलावात येतं, तेवढ्याचाच असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा घ्या, किंवा ३० मीटरचं उंचीचं मॉडेल क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक प्रणालीत टाकून हद्द काढा. पहिल्यांदा करणाऱ्यानं १० ते २० चौरस किलोमीटरचा, एकच मुख्य नाला असलेला तलाव निवडावा. हतनूर किंवा गिरणा धरणाचा हिशेब घरबसल्या मांडायच्या फंदात पडू नये.

संगणकानं काढलेली हद्द पायी फिरून तपासा. खानदेशात ती दोन-तीन ठिकाणी हमखास फसवते. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडा पट्टा आहे, दगडगोट्यांचा आणि कमालीचा झिरपणारा. वर खळाळणारा ओढा तिथे गडप होतो आणि खाली नकाशात निळी रेघ असूनही पाणी नसतं. त्या रेघेवरची शेतं तलावाच्या खात्यात धरली तर आवक उगाच फुगते. धुळ्याकडे पांझरेवरच्या फड बागायतीत उलटं घडतं: बंधाऱ्यातून निघालेला पाट पाणी एका पाणलोटातून दुसऱ्यात नेतो, आणि शेतातून सुटलेलं पाणी भलत्याच नाल्याला मिळतं. धरणाचे कालवेही तेच करतात. असा प्रत्येक पाट नकाशावर लाल शाईनं काढा आणि आत येतो की बाहेर जातो ते बाणानं दाखवा.

आवक: काय बाहेरून आलं?

सूत्र साधं आहे. पाणलोटाच्या हद्दीबाहेरून आलेला फॉस्फरस म्हणजे आवक. रासायनिक खत, बाहेरून विकत आणलेली ढेप आणि पशुखाद्य, बाहेरच्या पोल्ट्रीतून आणलेलं कोंबडीखत, आणि माणसांचं बाहेरून आलेलं धान्य व धुण्याची पावडर.

शेणखत यात धरायचं का? तिथल्याच कडब्यावर आणि चाऱ्यावर पोसलेल्या जनावरांचं शेण म्हणजे त्याच रानातला फॉस्फरस पुन्हा त्याच रानात. तो आवकेत धरला तर दोनदा मोजला जातो. ढेप आवकेत धरली असेल तर तिच्यातून शेणात उतरलेला भागही आपोआप आलेला असतो. शेजारच्या तालुक्यातून ट्रॉलीनं आणलेलं शेणखत मात्र आवक आहे. त्याच्या टनात एक किलोच्या आत-बाहेर फॉस्फरस असतो, कोंबडीखताच्या टनात दहाच्या आसपास, सरकीच्या ढेपेच्या टनात सात-आठ किलो.

खताच्या आकड्यासाठी तालुक्याची ई-पॉसवरची (खतदुकानातल्या अंगठा घेणाऱ्या मशीनवरची) विक्री मिळवता येते, पण ती फक्त पडताळ्यापुरती वापरावी. शेतकरी खत घेतो जळगावच्या दुकानातून आणि टाकतो धरणगावच्या रानात. शिवाय मशीनवर अंगठा एकाचा आणि गोणी दुसऱ्याची, हेही चालतं. त्यापेक्षा पाणलोटातल्या तीस-चाळीस शेतकऱ्यांना भेटा. पिकं ओळखून निवडा: बागायती केळीवाले, कोरडवाहू कापूसवाले, मका-हरभऱ्यावाले, प्रत्येकी दहा-बारा. कुणालाही "हेक्टरी किती किलो" विचारू नका. एकरी किती गोण्या, कोणत्या कंपनीच्या नव्हे तर कोणत्या ग्रेडच्या, कधी टाकल्या आणि फोकून टाकल्या की पेरून, असं विचारा. दुकानाचं बिल दाखवलं तर उत्तमच. पिकाखालचं क्षेत्र गाव नमुना ११ आणि ई-पीक पाहणीतून घ्या आणि शिवारफेरीत ताडून पाहा.

केळीचा हिशेब एकरात करू नका. इथला बागायतदार बाग खोडांत मोजतो, तुम्हीही खोडांतच मोजा. खोडामागे ४० ते ६० ग्रॅम स्फुरदाचा डोस धरला जातो. ६० ग्रॅमनं हजार खोडांना ६० किलो स्फुरद, म्हणजे २६ किलो फॉस्फरस जातो. ठिबकमधलं १२:६१ त्याच हिशेबात आहे की त्याच्यावर वेगळं, हे मुद्दाम विचारा. बेसल डोसचं (लागवडीच्या वेळी दिलेल्या खताचं) सगळे सांगतात, ठिबकचं राहून जातं. पिलबागेला (घड कापल्यावर पिलांवर धरलेल्या बागेला) पुन्हा किती दिलं, हाही वेगळा प्रश्न आहे.

पिकानं काय नेलं?

हद्दीबाहेर विकलं गेलेलं तेवढंच वजा करायचं. घडाच्या टनात फॉस्फरस फक्त ०.२ ते ०.३ किलो असतो. हजार खोडांतून २० टन माल गेला तरी बाहेर जातो पाचेक किलो. दिले २६, गेले ५. खोड आणि पानं रानातच राहतात, त्यांच्यातला फॉस्फरसही तिथेच. पण छाटलेली खोडं नाल्याच्या काठावर ढकलून द्यायची सवय असेल तर ते लिहून घ्या, कारण ती पावसात सडतात आणि रस थेट पाण्यात उतरतो.

कापसाचं गणित वेगळं आहे. रुईत फॉस्फरस जवळजवळ नसतो, सरकीत भरपूर असतो, आणि कापूस सरकीसकट जिनिंगला जातो. टनामागे चार किलो धरा. मक्याच्या दाण्यात टनाला तीन किलो, गव्हाला आणि हरभऱ्याला साडेतीनच्या आसपास. पऱ्हाटी जाळली तरी तिच्यातला फॉस्फरस राखेत उरतो. नत्रासारखा तो हवेत उडून जात नाही.

एक काल्पनिक उदाहरण पुरतं मांडू. पाणलोट १,२०० हेक्टर. त्यात केळी २०० हेक्टर (दीड बाय दीड मीटरवर सुमारे ८.९ लाख खोडं), कापूस ५०० हेक्टर, मका २०० हेक्टर, बाकी पडीक आणि जंगल. केळीला २३,१०० किलो फॉस्फरस. कापसाला आणि मक्याला एकरी एक गोणी डीएपी धरली तर हेक्टरी २५ किलो, म्हणजे १२,५०० आणि ५,०००. शंभर टन ढेपेचे ८००. एकूण आवक ४१,४०० किलो. बाहेर गेलं: केळी ४,४५०, कापूस (हेक्टरी दीड टन) ३,०००, मका (हेक्टरी पाच टन) ३,०००, मिळून १०,४५०. शिल्लक सुमारे ३१,००० किलो, हेक्टरी २६ किलो. आणि हे एका वर्षाचं.

ही शिल्लक तलावात जाते असं लगेच लिहून टाकू नका. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास. तिथे खतातला फॉस्फरस कॅल्शियमशी बांधला जातो आणि वरच्या वीतभर मातीत साचत राहतो. साठा किती झालाय हे पाहायला माती परीक्षण करा, पण पद्धत ओल्सनचीच मागा. आम्लधर्मी जमिनीसाठीची ब्रे पद्धत इथे निरुपयोगी आहे. ओल्सननं हेक्टरी २५ किलोच्या वर उपलब्ध फॉस्फरस आला तर जमीन भरलेली समजा. अहवालात आकडा फॉस्फरसचा आहे की स्फुरदाचा, हे इथेही विचारा.

नाल्याचं पाणी मोजणं

सगळ्यात कष्टाचा आणि टाळला जाणारा भाग हाच. तलावात शिरण्याआधी नाल्यावर एक जागा पक्की करा. सपाट माथ्याचा सिमेंट नाला बांध सापडला तर अर्धं काम झालं. माथ्यावरून पाणी पडत असताना:

प्रवाह (घनमीटर दर सेकंदाला) = १.७ × माथ्याची लांबी × पाण्याच्या उंचीचा दीड घात

लांबी १० मीटर आणि उंची ०.३ मीटर असेल तर २.८ घनमीटर, उंची ०.६ झाली तर ७.९. उंची माथ्यावर नव्हे, माथ्यापासून दीड-दोन मीटर मागे मोजा. कडेशी पाणी वाकतं आणि आकडा कमी येतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर हे सूत्र पावसाळ्यात लावू नका. फळ्या काढलेल्या असतात, पाणी माथ्यावरून नाही तर गाळ्यांतून जातं.

बांध नसेल तर दोन्ही काठ सरळ असलेला दहा मीटरचा टप्पा निवडा. आडव्या छेदाची खोली पावसाळ्यापूर्वीच दर अर्ध्या मीटरवर मोजून ठेवा, काठावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवा. पूर आल्यावर अर्धवट भरलेली प्लास्टिकची बाटली किंवा संत्रं सोडा आणि वेळ मोजा. दहा मीटर आठ सेकंदांत गेलं तर पृष्ठभागाचा वेग १.२५, त्याला ०.८५ नं गुणा, कारण तळाचं पाणी हळू चालतं. दोन चौरस मीटरच्या छेदातून तेव्हा सेकंदाला २.१ घनमीटर पाणी जात असतं. गुडघ्यावर पाणी असेल तर नाल्यात उतरायचं नाही. सातपुड्याच्या नाल्यांना वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली कोरड्या आभाळाखाली येतो. पट्टी काठावरून वाचा, नमुना पुलावरून दोरीच्या बादलीनं घ्या.

नमुना कधी घ्यायचा, हा खरा प्रश्न

आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी नमुना घेण्याचं वेळापत्रक दिसायला शिस्तीचं असतं आणि आपल्या नाल्यांसाठी जवळजवळ व्यर्थ. का, ते आकड्यांत पाहा. एक पूर सहा तास चालला, सरासरी प्रवाह ५ घनमीटर: पाणी १,०८,००० घनमीटर. गढूळ पाण्यात एकूण फॉस्फरस लिटरला १.२ मिलिग्रॅम धरला तर १३० किलो गेले. पुढचे दहा दिवस नाला ०.०५ घनमीटरनं वाहिला, फॉस्फरस ०.१५ मिलिग्रॅम: साडेसहा किलो. सहा तासांत ९५ टक्के आणि दहा दिवसांत ५. सोमवारचा नमुना बहुधा त्या दहा दिवसांतच पडतो. आणि दोन्ही आकड्यांची साधी सरासरी काढून ती एकूण पाण्याशी गुणली तर उत्तर खऱ्याच्या जेमतेम पाऊणपट येतं. म्हणून प्रत्येक नमुन्याला त्या वेळात वाहिलेल्या पाण्यानं गुणायचं, मग बेरीज:

भार (किलो) = मिलिग्रॅम प्रति लिटर × घनमीटर ÷ १,०००

त्यामुळे नमुने पुरांवर खर्च करा. पेरणीनंतरचा पहिला पूर कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये: रान उघडं, बेसल डोस ताजा, मृगबागेच्या (मृगात लावलेल्या केळीच्या) सऱ्या नुकत्या भरलेल्या. पाणी चढताना दोन नमुने, माथ्यावर एक, उतरताना दोन-तीन. असे हंगामात पाच-सहा पूर पकडले आणि मधल्या शांत प्रवाहाचे पंधरवड्याला एक असे घेतले, तर पहिल्या वर्षाचा आकडा विश्वास ठेवण्याजोगा होतो.

पूर बहुधा रात्री येतो. त्यासाठी लोखंडी खांबावर वेगवेगळ्या उंचीला लिटरभराच्या बाटल्या बांधा. प्रत्येकीच्या रबरी बुचात दोन नळ्या: एक उलट्या यू आकारात वाकवून प्रवाहाकडे तोंड केलेली, दुसरी हवा जायला, तिचं तोंड बरंच वर. पाणी वाकलेल्या नळीच्या माथ्यावर चढलं की बाटली आपोआप भरते आणि त्या पातळीचा नमुना बंदिस्त होतो. सकाळी उशीर न करता काढून आणा. मात्र या बाटल्या फक्त चढतं पाणी पकडतात. उतरत्या पाण्यासाठी माणूस लागतोच.

बाटली, बर्फ, गाळणी

बाटल्या धुण्याच्या पावडरीनं कधीही धुऊ नका. पावडरीतच फॉस्फेट असू शकतं आणि तुम्ही तेच मोजत बसाल. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा विसळा. प्रत्येक वेळी दोन बाटल्या भरा. एक तशीच, एकूण फॉस्फरससाठी. तीत लिटरला २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की २८ दिवस टिकते. दुसरीचं पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, विरघळलेल्या फॉस्फरससाठी. ती आम्लाशिवाय बर्फात ठेवा आणि ४८ तासांत तपासून घ्या. काळ्या मातीचं पुराचं पाणी ही गाळणी दोन पिचकाऱ्यांत चोंदवतं, म्हणून आधी काचतंतूच्या गाळणीतून काढा. न गाळता संध्याकाळपर्यंत ठेवलं तर विरघळलेला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी लेखी सांगा. पद्धत भारतीय मानक ३०२५, भाग ३१ प्रमाणे. एकूण फॉस्फरससाठी नमुन्याचं पर्सल्फेटनं पाचन झालेलं असावं. मोजणीची खालची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी, "०.१ पेक्षा कमी" असा शेरा पिण्याच्या पाण्याच्या दाखल्याला चालत असेल, तलावाच्या हिशेबाला काही कामाचा नाही. दर दहा नमुन्यांत एक ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली गुपचूप घाला. तिच्यात फॉस्फरस निघाला तर बाकीचे आकडेही संशयित.

दोन बाटल्यांचा खर्च कशाला, असं विचारलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या एरी सरोवराकडे पाहा. त्याला मिळणाऱ्या मॉमी नदीचं पाणी १९७० च्या दशकापासून नियमित तपासलं जातंय. मातीची धूप आटोक्यात आली, कणांना चिकटून येणारा फॉस्फरस घटला, पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला वाढत गेला. शेवाळाला हाच आयता मिळतो. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. एकच बाटली भरत असतो तर चित्र सुधारतंय असंच दिसलं असतं.

आकडे एकमेकांशेजारी ठेवा

वरच्याच उदाहरणात ७०० मिलिमीटर पावसातला १२० मिलिमीटर नाल्यातून वाहिला: १४.४ लाख घनमीटर. पाण्याच्या वजनानं काढलेली सरासरी (एकूण भार भागिले एकूण पाणी) ०.६ मिलिग्रॅम धरू. तलावात आलेला भार ८६४ किलो, हेक्टरी ०.७२. आवकेच्या दोन टक्के फक्त! शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे नुकसान नगण्य आहे. वर्षाला ८६ गोण्या डीएपी, बाराशे हेक्टरांत. तलावाच्या दृष्टीनं मात्र हेच प्रमाण फार मोठं आहे. पाणी साधारण वर्षभर थांबत असेल तर तलावातलं अपेक्षित प्रमाण, आत येणारं प्रमाण भागिले (१ + मुक्कामाच्या वर्षांचं वर्गमूळ), म्हणजे ०.३ मिलिग्रॅम. लिटरला ०.०३५ च्या वर तलाव पोषणसमृद्ध आणि ०.१ च्या वर अतिपोषित धरतात. हे सूत्र थंड प्रदेशातल्या सरोवरांवर बसवलेलं आहे. आपल्या गढूळ तलावांत माती लवकर तळाशी बसते आणि प्रकाशही कमी शिरतो, तेव्हा उत्तर अंदाज म्हणूनच वापरा. तरी तिप्पट फरक अंदाजाच्या चुकीत मावत नाही.

प्रत्यक्ष भार हिशेबापेक्षा खूपच जास्त निघाला तर आधी गावाचं सांडपाणी पाहा. माणशी वर्षाला ०.४ किलोच्या आसपास फॉस्फरस मलमूत्रातून जातो. तीन हजार वस्तीचे १,२०० किलो. गटार थेट नाल्यात सुटत असेल तर उन्हाळ्यातल्या शांत प्रवाहाचा नमुना पुराच्या नमुन्याइतका किंवा जास्त येतो, ही त्याची खूण. काठावरचे उकिरडे पहिल्या पावसात विरघळलेला फॉस्फरस एकदम वाढवतात. आणि नाल्यातून कमी येत असूनही तलाव मार्च-एप्रिलमध्ये हिरवा होत असेल तर तळाचा गाळ तपासा. तळाशी प्राणवायू संपला की गाळात बांधलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. गाळ काढताना तो काठावर ढीग घालून ठेवला तर पुढच्या पुरात परत आत येतो. ट्रॉलीनं रानात पसरलेलाच खरा निघाला.

कामाला कुठून लागायचं, हे शेतांच्या यादीवरूनच दिसतं. ओल्सन २५ च्या वर, नाल्यापासून शंभर मीटरच्या आत आणि बेसल डोस फोकून टाकलेला: या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली शेतं सहसा मोजकी निघतात. तिथे स्फुरदाचा डोस निम्मा करून तो चार बोटं खोल पेरून द्यावा आणि नाल्याकडेला दोन-तीन मीटर गवताचा पट्टा सोडावा. भरलेल्या जमिनीत डोस घटवल्यानं केळीचं उत्पादन लगेच घटत नाही, पण बागायतदाराला ते तोंडी पटत नाही. पाचशे खोडांची एक ओळ त्याच्याच बागेत करून घडांची वजनं त्याच्याच काट्यावर करा. नाल्यातला आकडा मात्र पुढच्या पावसाळ्यात लगेच खाली येईल असं कुणाला सांगू नका. मातीतला साठा वर्षानुवर्षं झिरपत राहतो, आणि एक जोराचा पावसाळा दोन वर्षांची सुधारणा झाकून टाकतो. म्हणून दुसऱ्या वर्षी तुलना किलोंची न करता पाण्याच्या वजनानं काढलेल्या सरासरी प्रमाणाची करा. बजेट आटलं तर शांत प्रवाहाचे नमुने कमी करा, पुराचे नको.